व्हॉलीबॉल कधीच न खेळलेल्या शिक्षकाने जिल्हा परिषद शाळेत संघ तयार करावा का?

प्रश्नकर्ते जिल्हा परिषदेच्या उच्च प्राथमिक शाळेत विज्ञान शिकवतात, स्वतः व्हॉलीबॉल खेळलेले नाहीत आणि १४ वर्षांखालील मुलींचा संघ त्यांच्याकडे सोपवण्यात आला आहे. प्रशिक्षण देणे शिकावे कुठे, पतियाळ्याच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा प्रशिक्षक अभ्यासक्रम करावा का आणि न खेळलेल्या माणसाने हे काम मुळात स्वीकारावे का, असे त्यांनी विचारले आहे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी आधी देते, कारण तो प्रश्न मला एकदा भर मैदानावर, माझ्या मुलींच्या देखत विचारला गेला होता.

काम अवश्य स्वीकारा. तुम्ही नाही म्हणालात तर दुसरा कोणी तज्ज्ञ तिथे येणार नाही. शिक्षण हक्क अधिनियम, २००९ च्या अनुसूचीत सहावी ते आठवीच्या वर्गांत १०० पेक्षा अधिक विद्यार्थी असल्यास आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे. पण आपल्या बहुतेक शाळांची पटसंख्या पाहिली की खेळाचा तास शेवटी वर्गशिक्षकाकडेच येतो, हे तुम्हाला सांगायला नको.

मी सोलापूर जिल्ह्यातील एका गावात मराठी आणि इतिहास शिकवत होते. २०१६ साली शाळेत एक जाळी, दोन चेंडू आणि सहावी-सातवीच्या २४ मुली एवढेच भांडवल होते. देवळामागच्या मैदानावर गावातील पुरुष रोज संध्याकाळी शूटिंग व्हॉलीबॉल खेळत असत. त्यांनी आम्हाला खांब रोवून दिले आणि जाळीला ताण कसा द्यायचा ते दाखवले. मात्र हातांच्या बाबतीत त्यांचे अनुकरण करू नका, असे मला मुलींना वारंवार सांगावे लागले, कारण शूटिंगमध्ये चेंडू जोडलेल्या हातांनी जोरात मारायचा असतो आणि आपल्याला तो अलगद वर उचलायचा असतो. मी नियमपुस्तिका मिळवली, १८ मीटर लांब आणि ९ मीटर रुंद मैदान मोजून फक्की टाकली, जाळीपासून ३ मीटरवर आक्रमणरेषा आखली आणि मुलींना खेळायला लावले.

तीन महिन्यांनी आम्ही तालुकास्तरीय स्पर्धेला गेलो. सामन्यापूर्वी पंचांनी माझ्या हातात लाइन-अपचा कागद दिला. त्यावर रोमन १ ते ६ असे सहा चौकोन होते. ती खेळाडूंची नुसती यादी आहे असे समजून मी उंचीच्या क्रमाने, सर्वांत उंच मुलीपासून सुरुवात करून, मुलींचे क्रमांक लिहून दिले. वास्तविक त्यातील प्रत्येक आकडा म्हणजे मैदानावरील एक जागा असते. १ म्हणजे मागचा उजवा कोपरा, जिथून सर्व्हिस होते; २, ३, ४ म्हणजे जाळीजवळ उजवीकडून डावीकडे; आणि ५, ६ म्हणजे मागची डावी व मधली जागा. दुसरे पंच कागद घेऊन आले, त्यांनी मुलींकडे पाहिले, कागदाकडे पाहिले आणि "कागदावर जसे आहे तसे उभे राहा" असे सांगितले. सरावात आपली शेजारीण कोण हे पाठ करून आलेल्या मुलींच्या शेजारणीच बदलल्या. समोरून सर्व्हिस झाली त्या क्षणी आमची मागच्या मधल्या जागेवरची मुलगी सवयीने पुढच्या मुलीच्याही पुढे सरकली होती. शिट्टी वाजली, जागा चुकली म्हणून गुण गेला. तीच चूक आणखी दोनदा झाली आणि त्यानंतर मुलींनी चेंडूकडे पाहणेच सोडले. त्या स्वतःच्या पायांकडे पाहू लागल्या. पहिला सेट आम्ही २५-९ असा गमावला, दुसराही गमावला.

शेजारच्या गावातील माध्यमिक शाळेचे क्रीडाशिक्षक तिथे होते. ते स्वतः चांगले खेळाडू होते, वयाने व अनुभवाने मोठे होते. सामना संपल्यावर ते आमच्याजवळ आले आणि म्हणाले, "बाई, जो खेळलेला नाही त्याने शिकवायला जाऊ नये. पोरींचं नुकसान होतं." माझी सातवीतली कर्णधार शेजारी उभी होती. मी गप्प राहिले, कारण त्या दिवशीची चूक खरोखर माझीच होती. पण त्यांचे विधान चुकीचे होते, आणि ते का चुकीचे होते हे मला नीट समजायला पुढची दोन वर्षे लागली.

त्या रात्री घरी मी स्वयंपाकघराच्या फरशीवर सहा वाट्या मांडल्या, प्रत्येकीत एका मुलीचे नाव लिहिलेली चिठ्ठी टाकली आणि घड्याळाच्या काट्याच्या दिशेने वाट्या सरकवत बसले. सर्व्हिस परत मिळाली की २ ची वाटी १ वर, १ ची ६ वर, ६ ची ५ वर. सहा वेळा फिरवल्यावर प्रत्येक फेरीत पुढे कोण आणि मागे कोण, कोणाचा पाय कोणाच्या पुढे असला पाहिजे, हे माझ्या डोळ्यांसमोर उभे राहिले. दुसऱ्या दिवशी मुलींनी तेच मैदानावर बाटल्यांची झाकणे मांडून केले. तुम्ही मुलींना चेंडू देण्याआधीच्या आठवड्यात हे करा.

सरांचे म्हणणे मला मान्य नाही, कारण खेळलेल्या माणसाला आपण स्वतः कसे शिकलो हे बहुधा आठवत नाही. त्याचे हात आपोआप जुळतात, म्हणून तो मुलीला "हात जुळव" एवढेच सांगतो आणि जुळले नाहीत तर ओरडतो. मला अंडरआर्म पास येत नव्हता, म्हणून मी तो टप्प्याटप्प्याने उलगडून पाहिला. एक मुलगी चेंडू आला की शेवटच्या क्षणी हात मागे घेत असे. मी तिला घाबरट समजत होते. एकदा तिने ओढणी बाजूला केली तेव्हा मनगटापासून कोपरापर्यंत बारीक लाल ठिपके उठलेले दिसले. चेंडू आम्ही सायकलच्या पंपाने दगडासारखा टणक होईपर्यंत भरत होतो. नियमाप्रमाणे चेंडूतील दाब दर चौरस सेंटिमीटरला ०.३० ते ०.३२५ किलो एवढाच असतो आणि त्याचे वजन २६० ते २८० ग्रॅम असते. मी पिन पाण्यात भिजवून आत घातली आणि अंगठ्याने दाबल्यावर चेंडू किंचित आत जाईल इतकी हवा काढली. चेंडू मनगटाच्या हाडावर न घेता त्याच्या वरच्या सपाट भागावर घ्यायचा, कोपर वाकवायचे नाहीत आणि जोर हातांनी न देता गुडघ्यांनी द्यायचा, हे तिला त्यानंतर चार दिवसांत जमले. तिला भीती नव्हती, तिला लागत होते.

त्याच सरांशी माझा दुसरा वाद संघनिवडीचा होता आणि तो मी अजून सोडलेला नाही. त्यांची पद्धत अशी होती की जूनमध्ये सहा-आठ उंच मुली निवडायच्या, त्यांच्याकडून जोरदार सर्व्हिस घोटून घ्यायची आणि बाकीच्यांना चेंडू आणून देण्याच्या कामाला लावायचे. या पद्धतीने तालुका जिंकता येतो, हे मी प्रामाणिकपणे मान्य करते. १४ वर्षांखालील गटात बरेचसे गुण सर्व्हिस परत न आल्यामुळेच जातात. पण त्या मुली विभागीय पातळीवर पोहोचल्या की समोरचा संघ सर्व्हिस उचलतो आणि मग पुढे काय करायचे हे त्यांना माहीत नसते, कारण त्यांनी पास, उचल आणि फटका असा तीन स्पर्शांचा खेळ कधी खेळलेलाच नसतो. चेंडू आणून देणाऱ्या मुलींचे वर्ष तर पूर्णच वाया जाते. शासकीय शाळेचे मैदान सर्वांचे आहे. बाहेर पैसे भरून क्लबमध्ये जाण्याची ज्यांची ऐपत नाही, त्या मुलींना तिथेही बाजूला उभे करणार असू तर तो खेळाचा तास न घेतलेला बरा.

सर्वांना खेळवायचे तर रांग मोडावी लागते. ४० मिनिटांच्या तासात एक चेंडू आणि २४ मुलींची रांग असेल, दर १० सेकंदांनी एकीची पाळी येत असेल, तर प्रत्येकीच्या हाताला चेंडू जेमतेम १० वेळा लागतो. आम्ही ग्रामपंचायतीकडून दोन आणि शूटिंगवाल्यांकडून दोन जुने चेंडू मागून आणले, सहा-सहाचे गट केले आणि तोच आकडा ४० वर गेला. एक गट शाळेच्या मागच्या भिंतीवर, एक कडुनिंबापासून बांबूपर्यंत बांधलेल्या सुतळीवर आणि दोन मैदानावर. तुम्ही पहिला महिनाभर जाळी खालीच बांधा आणि पहिला स्पर्श झेलून घेऊ द्या. झेला, वर टाका, मग दुसरीने बोटांनी उचलून द्या. रॅली लांबली की मुलींना खेळाची गोडी लागते. महिलांच्या जाळीची उंची २.२४ मीटर असते, पण १४ वर्षांखालील गटाची उंची त्या वर्षीच्या स्पर्धेच्या परिपत्रकात पाहा आणि स्पर्धेच्या महिनाभर आधी त्या उंचीवर या. उंची मैदानाच्या मध्यावर मोजतात. आमची जाळी मध्ये इतकी झोळ खात होती की मुली प्रत्यक्षात बऱ्याच खालच्या जाळीवर सराव करत होत्या.

आता पतियाळ्याविषयी. नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम आहे आणि सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रमही आहे. नोकरी करणाऱ्या शिक्षकाला दुसराच शक्य आहे. मी तो चौथ्या वर्षी केला आणि तेव्हाच करावा असे माझे मत आहे. एक-दोन वर्षे मुलींबरोबर घालवल्यावर तुमच्याजवळ विचारण्यासारखे प्रश्न असतात; त्याआधी गेलात तर वह्या भरून परत याल. पहिल्या वर्षी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन शालेय स्पर्धांचे वेळापत्रक घ्या, पंचांचे शिबिर असेल तर त्याला बसा आणि जवळच्या स्पर्धेत एक पूर्ण दिवस गुणलेखकाच्या शेजारी बसून काढा. गुणपत्रक लिहायला शिकलेला माणूस रोटेशनमध्ये, म्हणजे जागा फिरवण्यात, फसत नाही. आंतरराष्ट्रीय महासंघाचे नियम दर ४ वर्षांनी सुधारले जातात, म्हणून जुनी पुस्तिका वापरू नका.

एक गोष्ट मात्र मी सरांच्या बाजूने सांगितली पाहिजे. स्मॅश (उडी मारून चेंडू जोरात खाली मारणे) आणि ब्लॉक (तो जाळीवर हातांनी अडवणे) न खेळलेल्या माणसाने एकट्याने शिकवू नयेत. मी दुसऱ्या वर्षी मुरमाच्या कडक मैदानावर मुलींकडून रोज उड्या मारून घेतल्या आणि आमच्या सर्वांत उंच मुलीचा गुडघा सुजला. तिची आई शाळेत आली तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हते. डॉक्टरांनी तिला काही आठवडे उड्या मारू दिल्या नाहीत. त्यानंतर मी मैदानाच्या पुढच्या भागात ओढ्याची वाळू टाकून घेतली, उड्या आठवड्यातून दोनच दिवस ठेवल्या आणि स्मॅश शिकवण्यासाठी शनिवारी विद्यापीठ संघातून खेळलेल्या गावातील एका मुलीला बोलावू लागले. ती दोन्ही पायांवर उतरण्याचा सराव चेंडूशिवाय करून घेत असे, आणि ते मला कोणत्याही पुस्तकातून इतके स्पष्ट समजले नव्हते. तुमच्या गावात असे कोणी आहे का, याची चौकशी आजच करा, आणि पालकांची संमतिपत्रे व स्पर्धेला सोबत येणाऱ्या शिक्षिकेचे नाव जुलैमध्येच ठरवून ठेवा. आमचा एक सामना केवळ त्या कागदांअभावी हुकला होता.