नागपूर ते न्यूयॉर्क : अंतर किती, वेळ किती?

प्रश्न : मुलगी ऑगस्टमध्ये शिकायला न्यूयॉर्कला चालली आहे. तिकीट नागपूर–दिल्ली–न्यूयॉर्क असं आहे. नकाशात अमेरिका पश्चिमेला दिसते, मग दिल्लीला वर जाऊन फेरा नाही का पडत? मुंबईहून जवळ नाही का? शिवाय दिल्लीचं विमान रात्री 1.40 ला सुटून त्याच सकाळी 7.30 ला पोचतं असं लिहिलंय. म्हणजे सहाच तास?
– एक पालक, घाटंजी (जि. यवतमाळ)

उत्तर : फेरा पडत नाही, उलट दिल्लीच वाटेवर आहे. भिंतीवरचा नकाशा सपाट असतो, त्यावरून लांबचं अंतर काढू नका. गावातल्या शाळेतला पृथ्वीगोल घ्या आणि नागपूरपासून न्यूयॉर्कपर्यंत दोरा घट्ट ताणून धरा. दोरा पश्चिमेला न जाता जवळजवळ उत्तरेला निघेल आणि पार उत्तर ध्रुववृत्ताच्या आत जाऊन खाली उतरेल. गोल 30 सेंटिमीटर व्यासाचा असेल तर एक सेंटिमीटर म्हणजे साधारण 425 किलोमीटर. दोरा साडेएकोणतीस सेंटिमीटरच्या आसपास भरेल, म्हणजे सुमारे 12,600 किलोमीटर.

आता नागपूर–दिल्ली 850 आणि दिल्ली–न्यूयॉर्क 11,750 अशी बेरीज करा. तीही 12,600 च येते. मुंबईमार्गे मात्र सव्वातेरा हजारांच्या आसपास जाते.

प्रत्यक्षात विमान याहून जास्तच उडतं. 2022 पासून अमेरिकी कंपन्यांची विमानं रशियावरून जात नाहीत. पाकिस्तानने एप्रिल 2025 मध्ये भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केली, तेव्हापासून त्यांनाही वळसा पडू लागला.

वेळेचं कोडं सोपं आहे. तिकिटावर सुटण्याची वेळ दिल्लीची असते, पोचण्याची न्यूयॉर्कची. ऑगस्टमध्ये न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे असतं. म्हणून 5 तास 50 मिनिटांत साडेनऊ तास मिळवा : खरा प्रवास 15 तास 20 मिनिटांचा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथली घड्याळं एक तास मागे जातात, मग मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत साडेदहा तास धरायचे. येताना उंचावरचा पश्चिमेकडून पूर्वेला वाहणारा जोरदार वारा पाठीशी असतो, त्यामुळे परतीला सहसा तास-दीड तास कमी लागतो.

खरी काळजी हवेतल्या तासांची नाही, दिल्लीतल्या बदलाची घ्या. दोन्ही विमानं एकाच पीएनआरवर आहेत का, ते आजच तपासा. असतील तर पहिलं विमान उशिरा आल्यास पुढची सोय कंपनी करते. वेगवेगळी तिकिटं काढली असतील तर पुढचं विमान चुकल्याचा भुर्दंड तुमचाच. बॅगा घेऊन पुन्हा द्याव्या लागतात आणि देशांतर्गत विमान टर्मिनल 1 ला उतरलं तर टर्मिनल 3 काही किलोमीटर दूर आहे. अशा वेळी मध्ये किमान पाच तास ठेवा. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीच्या धुक्यामुळे तेही अपुरे पडू शकतात, तेव्हा आदल्या दिवशीच दिल्ली गाठलेली बरी.

घाटंजीहून नागपूरला पावसाळ्यात चार-साडेचार तास धरून निघा. नागपूरच्या काउंटरवर बॅगेला चिठ्ठी लावतील, तिच्यावर जेएफके (न्यूयॉर्कचा विमानतळ) ही अक्षरं आहेत की डीईएल (दिल्ली), हे लेकीला बॅग पट्ट्यावरून पुढे सरकण्याआधीच वाचायला सांगा. डीईएल असेल तर बॅग दिल्लीतच उतरवून घ्यावी लागेल.