वडिलांचा मेसोथेलिओमा: तुमच्या प्रश्नांबद्दल

वडिलांनी आयुष्यात विडी-सिगारेट ओढली नाही, मग फुफ्फुसाचा कॅन्सर कसा, हा तुमचा पहिला प्रश्न. मेसोथेलिओमा फुफ्फुसाचा कॅन्सर नव्हेच. फुफ्फुसावरच्या पातळ आवरणात तो होतो, क्वचित पोटाच्या आवरणात. सिगारेटने तो होत नाही. ब्रेक लायनिंगच्या कारखान्यात ते ड्रिलिंगवर होते असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तेच. ब्रेक लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस (तंतूंचं बनलेलं, उष्णता सोसणारं खनिज) वापरलं जायचं. त्याचे तंतू श्वासातून गेले की बरेचसे बाहेर पडत नाहीत, आणि आजार 20 ते 50 वर्षांनी डोकं वर काढतो. तोवर माणूस रिटायर झालेला असतो, अनेकदा कारखानाही बंद पडलेला.

आधी टीबीची औषधं दिली म्हणून डॉक्टरांवर चिडू नका. आपल्याकडे छातीत पाणी झालं की पहिला संशय टीबीचा, आणि अनेकदा तो खराही असतो. पण काढलेलं पाणी पुन्हा भरतंय, तर नुसत्या पाण्याच्या तपासणीवर थांबायचं नसतं. थोरॅकोस्कोपीने, म्हणजे छातीत छोट्या छिद्रातून दुर्बीण घालून, आवरणाचा तुकडा घ्यावा लागतो. तुमच्या रिपोर्टमध्ये कॅलरेटिनिन, डब्ल्यूटी-1 वगैरे (मेसोथेलिओमा ओळखायला तुकड्यावर तपासतात ती प्रथिनं) आहे का बघा. पेशींवरून ठरणारा प्रकारही बघा: एपिथेलिऑइड असेल तर त्यातल्या त्यात बरं, सार्कोमॅटॉइड हट्टी.

उपचाराने तो सहसा मुळासकट जात नाही, हे स्पष्टच सांगतो. पेमेट्रेक्सेड आणि प्लॅटिनम गटातलं औषध यांची केमो किंवा इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरविरुद्ध लढायला लावणारी औषधं; ही फार महाग) यांनी काही महिने, कधी त्याहून जास्त मिळतात. ऑपरेशनची घाई कोणी करत असेल तर दुसरं मत घ्याच. ब्रिटनमधल्या 'मार्स 2' चाचणीत केमोसोबत मोठं ऑपरेशन झालेले रुग्ण जास्त जगले नाहीत. दम कमी करायला मात्र पाणी वारंवार साचू न देण्याचे उपाय आहेत, ते आजच विचारा.

आईंना काही त्रास आहे का, तेही डॉक्टरांना दाखवून घ्या. वर्षानुवर्षं वडिलांचे धुळीचे कपडे त्यांनीच झटकले आणि धुतले असणार, आणि तंतू त्यातूनही श्वासात जातात. 1960 साली दक्षिण आफ्रिकेतल्या निळ्या ॲस्बेस्टॉसच्या (त्याचा एक प्रकार) खाणींच्या पट्ट्यातले मेसोथेलिओमाचे जे 33 रुग्ण नोंदले गेले, त्यांत खाणीत कधीच काम न केलेलेही होते.

भरपाईसाठी हजेरीकार्ड, पीएफच्या स्लिपा, जुने एक्स-रे, जे सापडेल ते जपा. सुप्रीम कोर्टाने 1995 मध्ये ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी नोकरी लागल्यापासून किमान 40 वर्षं ठेवायला सांगितलंय. लेखी अर्ज करून मागा.

गावच्या घरावरचे सिमेंटचे पत्रे (त्यांतही ॲस्बेस्टॉस असू शकतं) धड असतील तर लगेच काढू नका. कापणं, भोकं पाडणं, फोडणं यातच धूळ उडते.