हॉस्पिटलमधली टेबलावरची नोकरी शोधताना

नुसतं 'ॲडमिन' म्हणून शोधाल तर रिसेप्शनच्याच जागा दिसतील. वैद्यकीय शब्द लागतात ते मेडिकल रेकॉर्ड्स, बिलिंग, टीपीए डेस्क (विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघणाऱ्या संस्थेशी बोलणारं टेबल) आणि जन आरोग्य योजनेचा आरोग्यमित्र (योजनेतल्या रुग्णांना मदत करणारा) इथे. याच नावांनी शोधा. रत्नागिरी, चिपळूण, कुडाळकडची छोटी हॉस्पिटलं जाहिरात देतीलच असं नाही. सकाळची ओपीडी ओसरल्यावर बायोडाटा घेऊन थेट जा.

शब्द पाठ करू नका, फोडायला शिका. शेवटी 'एक्टॉमी' म्हणजे अवयव काढला, 'ऑटॉमी' म्हणजे चीर दिली, 'ऑस्टॉमी' म्हणजे उघडं छिद्र करून ठेवलं. एका अक्षराने ऑपरेशन बदलतं आणि विम्याचा क्लेम क्वेरीत, म्हणजे कंपनीच्या शंकेत, अडकतो. 'हायपो' (कमी) आणि 'हायपर' (जास्त) यांचंही तेच.

आयसीडी-१० (आजारांच्या कोडची आंतरराष्ट्रीय यादी) चे कोड आपल्याकडच्या आजारांपासून धरा: लेप्टो ए२७, सर्पदंश टी६३.०. पावसाळ्यात हेच हाताखाली येतात. (महागडा कोडिंग कोर्स नंतर बघू.) अवयव उजवा की डावा, हे मात्र डिस्चार्ज समरी, एक्स-रे रिपोर्ट आणि प्री-ऑथ (उपचाराआधीच्या मंजुरीचा) फॉर्म, तिन्हीकडे जुळवून बघा.

मुलाखतीत एखादी समरी पुढे ठेवून निदान कुठलं, प्रोसिजर कुठली, असं विचारू शकतात. डॉक्टरांचं अक्षर लागलं नाही तर अंदाज ठोकू नका. 'विचारून भरेन' म्हणा.