मार पोटाला बसला, मग फुप्फुसे का बिघडली?

नागपुरातील एका रुग्णालयात अतिदक्षता विभागातील रुग्णांच्या नातेवाइकांशी बोलणे, त्यांच्या शंका ऐकून घेणे, हे माझे काम आहे. अपघाताच्या रुग्णांचे नातेवाईक एक प्रश्न हमखास विचारतात. शस्त्रक्रिया नीट झाली, रक्तस्राव थांबला, असे डॉक्टरांनीच सांगितले होते. मग दोन-तीन दिवसांनी, ज्या अवयवाला मारच लागला नव्हता, तो कसा काय साथ सोडू लागला? या प्रश्नाच्या पोटात बहुतेक वेळा दोन संशय असतात. एक डॉक्टरांवरचा असतो, तो उघड बोलला जातो. दुसरा स्वतःवरचा असतो आणि तो माणूस एकट्यानेच गिळत राहतो.

उमरेडकडच्या एका कुटुंबाची हकिगत सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. घरातील धाकटा मुलगा रात्री मोटारसायकलवरून परतताना उभ्या ट्रॉलीवर आदळला. पाणथरी फाटून पोटात रक्त साचले होते. नागपूरला आणेपर्यंत रक्तदाब फार खाली गेला होता, पण त्याच रात्री शस्त्रक्रिया झाली, रक्त चढवले, आणि दुसऱ्या दिवशी त्याने डोळे उघडून वडिलांना ओळखले. तिसऱ्या दिवशी मात्र त्याला धाप लागू लागली, छातीच्या एक्स-रेवर दोन्ही बाजूंना पांढरट डाग दिसले आणि त्याला व्हेंटिलेटरवर घ्यावे लागले.

वडील माझ्यासमोर बसले तेव्हा त्यांचा आवाज चढलेला होता. "मॅडम, मार तं पोटाले लागला होता, मंग छाती कायले बिघडली? आतमंधी काही चुकलं असन तं सांगून द्या." थोरला भाऊ एक्स-रेचे पाकीट मांडीवर धरून बसला होता. पाकिटाचा कोपरा त्याने अंगठ्याने चोळून चोळून मऊ केला होता, आणि वडील बोलत असताना त्याने एकदाही मान वर केली नाही.

मी डॉक्टर नाही, म्हणून अशा बैठकीत अतिदक्षता विभागाच्या डॉक्टरांना सोबत बसवते. त्यांनी आधी सांगितले की छातीची तपासणी पहिल्याच दिवशी झाली होती आणि तेव्हा फुप्फुसे स्वच्छ होती. मग मूळ प्रश्नाचे उत्तर आम्ही दोघांनी मिळून दिले. शरीरातून बरेच रक्त गेले आणि रक्तदाब कोसळला की त्या अवस्थेला शॉक म्हणतात. अशा वेळी उरलेले रक्त मेंदूला आणि हृदयाला पुरवावे म्हणून शरीर आतड्याकडच्या रक्तवाहिन्या आवळून घेते. एरवी हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा पाचवा हिस्सा किंवा त्याहून अधिक पचनसंस्थेकडे जात असतो, त्यामुळे ही कपात लहानसहान नसते. आतड्याच्या आतील अस्तर सर्वांत आधी होरपळते, त्यावरचा चिकट संरक्षक थर विरळ होतो, आणि अन्न पचवण्यासाठी असलेले स्वादुपिंडाचे रस आता त्या अस्तरालाच इजा करू लागतात. पुढे रक्तपुरवठा पूर्ववत झाला तरी दाह लगेच शमत नाही, उलट काही काळ तो वाढतो.

हा दाह फुप्फुसापर्यंत पोहोचतो कसा, हे वडिलांना कळत नव्हते, आणि खरे तर सगळी मेख तिथेच आहे. आतड्यातून निघणारे रक्त आधी यकृतात जाते आणि तिथे गाळले जाते. परंतु आतड्यातून आणखी एक द्रव निघतो, तो म्हणजे लसिका. जेवणातली चरबी याच वाटेने रक्तात पोहोचते. ही लसिका यकृतात जातच नाही. छातीतून वर चढणाऱ्या मोठ्या लसिकावाहिनीतून ती डाव्या गळपट्टीच्या हाडामागे थेट शिरेत उतरते, तिथून हृदयाच्या उजव्या बाजूला जाते, आणि हृदयातून बाहेर पडताच तिला भेटणारा पहिला अवयव म्हणजे फुप्फुस. कन्हान नदीचे पाणी शुद्धीकरण केंद्र चुकवून सरळ घरच्या नळाला यावे, तसे हे आहे, असे मी म्हटल्यावर वडिलांनी पहिल्यांदा मान हलवली.

त्यांचा पुतण्या मोबाइलवर वाचून आला होता आणि पोटातले जंतूच रक्तात शिरले असणार, असे त्याने घरात सांगितले होते. पूर्वी वैद्यकातही असेच मानले जात असे. पण 1991 मध्ये अमेरिकेतील डेन्व्हर येथे गंभीर जखमी झालेल्या 20 रुग्णांच्या, आतड्याकडून यकृताकडे जाणाऱ्या शिरेतील रक्त तपासले गेले, तेव्हा त्यात जंतू जवळपास सापडले नाहीत. पुढे 1998 मध्ये न्यू जर्सीतील एडविन डाइच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले की शॉकनंतरची आतड्याची लसिका रक्तवाहिन्यांच्या अस्तराला इजा करते, त्या शिरेतील रक्त मात्र तसे करत नाही. आतड्याची लसिकावाहिनी आधीच बांधून ठेवलेल्या उंदरांची फुप्फुसे बरीचशी वाचली होती. "मंग याची पण बांधून टाका ना," असे पुतण्या लगेच म्हणाला. माणसांत तसा उपचार केला जात नाही, शिवाय माणसाची फुप्फुसे बिघडण्यामागे चढवलेले रक्त, संसर्ग अशी इतर कारणेही असू शकतात, हे डॉक्टरांनी त्याला नीट समजावले.

वडील औषधे आणायला खाली गेले तेव्हा थोरला भाऊ बोलला. "मी त्याले आधी जवळच्या दवाखान्यात नेलं. तेथंच टाइम गेला. थेट नागपूरले आणलं असतं तं हे झालं नसतं, हो ना?"

वेळेचा काही संबंध नाही, असे म्हणून त्याला मोकळे करणे सोपे होते. पण ते खरे नव्हते, आणि दिलाशासाठी सांगितलेले खोटे पुढे कधी उघडे पडले तर माणूस दुप्पट खचतो, असे माझे ठाम मत आहे. शॉक जितका खोल आणि जितका वेळ टिकतो तितकी आतड्याची इजा वाढते, हे मी त्याला सांगितले. त्याचबरोबर हेही सांगितले की पोटातला रक्तस्राव बाहेरून दिसत नाही. रात्रीच्या अंधारात रस्त्यावर उभ्या असलेल्या भावाने जवळचा दवाखाना गाठावा, हेच कोणीही केले असते. थेट आणूनही फुप्फुसे बिघडलेले रुग्ण असतात आणि उशिरा येऊनही ती शाबूत राहिलेले असतात, त्यामुळे एका माणसावर त्याचा हिशेब मांडता येत नाही. तो बराच वेळ रडला. मी त्याला थांबवले नाही.

दुसऱ्या दिवशी नवी शंका निघाली. पोटाचे टाके ओले असताना नाकातल्या नळीतून पातळ आहार का देता, असे वडिलांनी विचारले. आतड्याच्या अस्तरातल्या पेशी स्वतःचे पोषण बऱ्याच अंशी आतून जाणाऱ्या अन्नातूनच घेतात, आणि आतडे रिकामे राहिले तर ते अस्तर आणखी दुबळे होते. म्हणून रक्तदाब स्थिरावलेला असेल आणि सर्जनची हरकत नसेल, तर साधारण 24 ते 48 तासांत थोडाथोडा आहार सुरू करतात. व्हेंटिलेटरचे श्वासही मुद्दाम लहान ठेवले जातात, कारण सुजलेल्या फुप्फुसावर ताण नको असतो. हे कळल्यावर, मुलाला हवा कमी मिळते आहे, ही आईची भीतीही गेली.

रोजच्या भेटीत काय विचारायचे, हे मी त्यांना कागदावर लिहून दिले: आज ऑक्सिजन कालपेक्षा किती लागतो, लघवी किती झाली, नळीचा आहार पोटात टिकतो का. थोरला भाऊ ते रोज वहीत टिपून ठेवू लागला आणि संध्याकाळी फोनवर आईला वाचून दाखवू लागला. ऑक्सिजनची गरज हळूहळू उतरत गेली, आणि दुसऱ्या आठवड्यात त्याच्या भावाचा व्हेंटिलेटर काढला.