नाशिकच्या लायसन्सवर मुलीला यूकेत गाडी चालवता येईल का?

हो, लेस्टरला एक वर्षाच्या एमएससीसाठी जाणारी तुमची मुलगी आपल्या एमएच १५ च्या पक्क्या लायसन्सवर तिथे कार चालवू शकते, पण १२ महिनेच. हे महिने ती तिथे राहायला लागल्यापासून मोजले जातात, पहिल्यांदा स्टिअरिंग हातात घेतल्यापासून नव्हे. इथेच बरेच जण फसतात. ब्रिटनचा नियमच तसा आहे. ज्या देशांचं लायसन्स थेट बदलून मिळतं, त्या यादीत भारत नाही, त्यामुळे मुदत संपली की प्रोव्हिजनल (म्हणजे तिथलं शिकाऊ) लायसन्स काढायचं, थिअरी आणि ड्रायव्हिंग दोन्ही टेस्ट द्यायच्या, आणि तोवर ‘एल’ लावून, शेजारी अनुभवी लायसन्सधारक बसवूनच गाडी चालवायची. इथे दहा वर्षं द्वारका सर्कलच्या गर्दीतून गाडी काढली असली तरी!

आपल्या कार्डावर मजकूर इंग्रजीत असतो, म्हणून भाषांतर लागत नाही. इंटरनॅशनल परमिटही कायद्याने सक्तीचं नाही. पण भाड्याची गाडी देणारे मागू शकतात, तेव्हा निघण्याआधी पेठ रोडच्या आरटीओतून काढून ठेवा. फी १००० रुपये. कार्डावरची ‘व्हॅलिड टिल’ तारीखही आत्ताच बघा.

एक मात्र आहे: लर्निंग लायसन्स असेल तर यातलं काहीच लागू नाही. आणि विमा घेताना लायसन्स भारतीय आहे हे लपवू नका, हप्ता थोडा जास्त बसला तरी चालेल. विनाविमा पकडलं तर ३०० पौंड दंड आणि ६ पेनल्टी पॉइंट्स, म्हणजे ड्रायव्हिंग रेकॉर्डवर गुन्ह्याची नोंद.