अरबी समुद्राच्या गाळातील प्राणवायूची नोंद

प्रश्न : समुद्रतळावरच्या गाळाची रासायनिक तपासणी करून हजारो वर्षांपूर्वी अरबी समुद्रात प्राणवायू कमी होता की जास्त, हे ठरवतात असे वाचले. त्या काळचे पाणी तर आज उरलेले नाही. मग हे कसे कळते आणि त्यावर कितपत विश्वास ठेवावा?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : आपली शंका रास्त आहे. जुन्या पाण्यातला प्राणवायू कोणालाच मोजता येत नाही. मात्र प्राणवायू संपल्यावर पाण्यात आणि गाळात ज्या क्रिया सुरू होतात त्यांच्या खुणा मागे राहतात आणि अभ्यास होतो तो त्या खुणांचा.

आजचा अरबी समुद्र पाहिला तर हे लवकर उमगते. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्यालगत खालचे पोषक पाणी वर येते, त्यावर प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, भरभरून वाढतात आणि त्यांचे अवशेष खाली जाताना कुजत असल्याने सुमारे दीडशे ते हजार मीटर खोलीवरचा प्राणवायू जवळजवळ संपून जातो. गोव्यात दोना पावला येथे असलेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी या थराचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे. तेथील काही जिवाणू प्राणवायूऐवजी नायट्रेट वापरून श्वसन करतात, आणि तसे करताना नत्राच्या दोन समस्थानिकांपैकी (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनांच्या अणूंपैकी) हलके, म्हणजे नत्र-१४, अधिक सहज उचलतात. त्यामुळे उरलेल्या नायट्रेटमध्ये जड नत्र-१५ चे प्रमाण वाढते. खोल महासागरातील नायट्रेटमध्ये ते हवेतील नत्राच्या तुलनेत दर हजारी सुमारे ५ ने अधिक असते, तर अरबी समुद्राच्या या थरात १० च्याही वर जाते. हेच नायट्रेट वर येऊन प्लवकांच्या शरीरात शिरते, प्लवक मरून तळाशी बसतात, आणि त्या वर्षांची नोंद गाळात उतरते. एवढ्या सूक्ष्म जिवांच्या आवडीनिवडीतून समुद्राचा इतिहास वाचता यावा, याचे मला आजही नवल वाटते.

परंतु एकाच साक्षीदारावर निकाल देऊ नये. युरेनियम प्राणवायूयुक्त पाण्यात विरघळलेले राहते आणि प्राणवायू नसलेल्या गाळात साठते. मोलिब्डेनम हा धातू साठण्यास प्राणवायूच्या अभावाबरोबर सल्फाइड हे गंधकाचे संयुगही लागते. मँगॅनीज मात्र उलट वागते आणि अशा गाळातून विरघळून निघून जाते. यातही फसगत संभवते, कारण वरून सेंद्रिय पदार्थ फार पडू लागले, तर तळालगतच्या पाण्यात प्राणवायू असूनही गाळाच्या आत तो संपतो आणि युरेनियम साठते. म्हणून ही सर्व मोजमापे एकाच गाळस्तंभात, म्हणजे तळातून नळीने उभ्या काढलेल्या गाळाच्या नमुन्यात, शेजारी शेजारी ठेवून पाहतात. थरांचे वय सुमारे पन्नास हजार वर्षांपर्यंत फोरॅमिनिफेरा या सूक्ष्मजीवांच्या कवचांतील कार्बन-१४ वरून काढतात.

या पद्धतीचे सर्वांत बोलके उदाहरण पाकिस्तानच्या किनाऱ्यालगतचे आहे. तेथील गाळावर जर्मन शास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की गेल्या एक लाख दहा हजार वर्षांतील उबदार काळात सेंद्रिय पदार्थांनी समृद्ध, गडद आणि बारीक पापुद्र्यांचा गाळ साठला, तर थंड काळात तळावरच्या प्राण्यांनी उकरलेला, फिकट गाळ साठला. आणि हा क्रम ग्रीनलँडच्या बर्फातील तापमानाच्या चढउतारांशी जुळला. थंड काळात नैर्ऋत्य मोसमी वारे मंदावले, प्लवकांची वाढ घटली आणि खालच्या पाण्यात प्राणवायू टिकला, असा त्याचा अर्थ लावला जातो. अरबी समुद्रातील नत्र-१५ च्या नोंदीही याच दिशेने बोट दाखवतात. साक्षी अशा जुळल्या की त्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

मात्र या नोंदींवरून प्राणवायू कमी झाला की वाढला एवढेच खात्रीने सांगता येते, लिटरमागे किती हा आकडा सहसा सांगता येत नाही. शिवाय प्राणवायू असला की तळावरचे किडे गाळ काही सेंटीमीटर खोलपर्यंत ढवळून टाकतात. खुल्या खोल समुद्रात हजार वर्षांत अवघे काही सेंटीमीटर गाळ साठत असल्यामुळे तेथे शेकडो-हजारो वर्षांच्या खुणा एकमेकींत मिसळतात. शतकाशतकाचा हिशेब हवा असेल, तर किड्यांना जगता न आलेला, पापुद्रे शाबूत राहिलेला गाळच शोधावा लागतो.