आधी धुराचा रंग पाहा, मग कर्जाचं बोला

प्रश्न: सहा महिन्यांपूर्वी नऊ वर्षं जुनी डिझेल गाडी घेतली, ॲव्हरेज चांगलं मिळतं म्हणून. ऑफिस घरापासून पाच किलोमीटरवर. महिनाभरापासून ॲक्सिलरेटर दाबला की काळा धूर येतो, पिकअप नाही, ॲव्हरेजही पडलंय. ऑइल मात्र कमी होत नाही. गॅरेजवाला म्हणतो पिस्टनच्या रिंगा गेल्या, इंजिन उतरवावं लागेल. खर्च दीड पगार. वैयक्तिक कर्ज 14 टक्क्यांनी तीन वर्षांसाठी मिळतंय. ते काढू, की गाडी आहे तशी विकू? फार फिरवलेली नाही, त्यामुळे घेतलेल्या किमतीला जाईल असं वाटतं. शिल्लक डाउन पेमेंटला गेली. खात्यात सहलीसाठी ठेवलेले थोडे पैसे आहेत. बचतीची पॉलिसी आहे, पण तिला हात लावायचा नाही. एजंट म्हणतो, अडचण आली तर तिच्यावर कर्ज मिळतं.

उत्तर: आत्ता दोन्ही करू नका. तुमची खरी अडचण पत्राच्या शेवटच्या दोन ओळींत आहे. तिथे येतोच, पण इंजिन उतरवण्याची घाई चालली आहे म्हणून आधी गाडी.

काळा धूर म्हणजे डिझेल जास्त आणि हवा कमी. ऑइल जळतं तेव्हा धूर निळसर असतो. पांढरा धूर गाडी तापल्यावरही थांबत नसेल, त्याला गोडसर वास असेल आणि इंजिन थंड ठेवणारं कूलंट घटत असेल तर पाणी सिलिंडरमध्ये जातंय. रिंगा ऑइलला सिलिंडरमध्ये चढू देत नाहीत. त्या गेल्या असत्या तर निळा धूर दिसला असता, डिपस्टिकवर, म्हणजे ऑइल मोजायच्या पट्टीवर, पातळी खाली गेली असती, इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण काढल्यावर जोराने वाफारे आले असते. तुमच्या पत्रात यातलं काहीच नाही. मग दीड पगाराचं काम कशावरून निघालं? कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजायची चाचणी, केली का, सिलिंडरनिहाय आकडे लिहून दिले का, हे विचारा. आकडे नसतील तर त्या गॅरेजमध्ये इंजिनचा एक बोल्टही उघडू देऊ नका.

दुसऱ्या मेकॅनिककडे स्वस्तापासून सुरुवात करा. एअर फिल्टर. मग टर्बोपासून, म्हणजे हवा दाबून भरणाऱ्या पंख्यापासून, इंजिनपर्यंतचे होज पाइप: एखादा फाटला की हवा बाहेर जाते, शिट्टीसारखा आवाज येतो, सांध्याशी ऑइलचा ओलावा दिसतो आणि गाडी ओढत नाही. मग स्कॅनर लावून टर्बोचा दाब जेवढा हवा तेवढा मिळतो का, हवेचं सेन्सर काय दाखवतं, कुठला इंजेक्टर जास्त डिझेल सोडतो, हे पाहायला सांगा. थोडा धूर परत इंजिनात सोडणारा ईजीआर व्हॉल्व्ह काजळीने अडकलाय का, तेही. तपासणीला पैसे पडतील, ते खुशीने द्या. या सगळ्यातून काही निघालं नाही, तर कॉम्प्रेशन टेस्ट.

एक गोष्ट नक्की पाहा. गाडीला कंपनीने डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर, बसवलेला होता का? असेल तर इतका काळा धूर मागून दिसायला नको. फिल्टर फुटलाय किंवा आधीच्या मालकाने तो आतून पोकळ केलाय. आणि डिपस्टिकवरची पातळी उलट वाढत असेल तर ऑइलमध्ये डिझेल उतरतंय. तसं असल्यास ‘ऑइल कमी होत नाही’ यावर विसंबू नका.

पण दुरुस्ती केली तरी हा धूर पुन्हा येईल. पाच किलोमीटरमध्ये डिझेल इंजिन नीट तापतच नाही. काजळी ईजीआरमध्ये आणि हवा आत जायच्या वाटेत साठत राहते. डीपीएफला ती जाळायला सुमारे 600 अंश तापमान लागतं, ते तुमच्या वाटेवर कधी येणार? बचतीचा हिशोबही बसत नाही. महिन्याला 250 किलोमीटर. पेट्रोल गाडी लिटरला 15 देते, डिझेल 20 देते असं धरलं तर महिन्याला चार लिटर वाचले. वर्षाला पन्नास! एखाद्या इंजेक्टरच्या कामात ही अनेक वर्षांची बचत जाते.

आता पैसे. सोयीसाठी तुमचा महिन्याचा पगार 100 धरतो आणि तुम्ही कळवलेले बाकीचे आकडेही त्याच मापात मांडतो. पॉलिसीत महिन्याला 15 जातात, दोन वर्षांत 360 गेले. दुरुस्तीला लागतात 150. हेच पैसे साध्या ठेवीत असते तर गॅरेजवाल्याचा चुकीचा अंदाजसुद्धा तुम्ही रोख चुकवू शकला असता. ही पॉलिसी 20 वर्षांत 3600 घेऊन 6000 देणार. एजंट म्हणाला असेल, पैसे जवळजवळ दुप्पट. वर्षाचा परतावा काढला तर तो पावणेपाच टक्क्यांच्या आसपास आहे. पावणेपाच टक्क्यांनी साठवायचं आणि 14 टक्क्यांनी कर्ज काढायचं! 150 वर तीन वर्षांत व्याजच 35 जाईल. पॉलिसीवरच्या कर्जाचं आमिषही सोडा. इतक्या लवकर तिच्यावर मिळालं तर थोडंच कर्ज मिळतं, आणि तेही आपल्याच पैशावर व्याज भरून.

याहून वाईट म्हणजे विमा. तुम्हाला काही झालं तर या पॉलिसीतून घरी मिळणार वर्षाच्या हप्त्याच्या दहापट, म्हणजे 1800. तुमचे दीड वर्षाचे पगार, त्यातून गाडीचं कर्ज जाणार. घरात चार माणसं, कमावते तुम्ही एकटे. तुम्हाला निदान 12,000 चं संरक्षण हवं. ते साध्या मुदत विम्यात (टर्म इन्शुरन्स) या हप्त्याच्या लहानशा भागात मिळतं. हे तुम्हाला कोणी सांगितलं नाही, कारण त्यात विकणाऱ्याला फार सुटत नाही. याचा मला मनापासून राग येतो.

तेव्हा आधी मुदत विमा घ्या. तो हातात आल्यावरच पॉलिसीची सरेंडर व्हॅल्यू (आत्ता बंद केली तर मिळणारे पैसे) आणि पेड-अप किंमत (हप्ते थांबवून तशीच ठेवली तर मुदतीअखेर मिळणारे पैसे) लेखी मागवा. भरलेले पैसे वसूल होण्याची वाट पाहू नका. पुढचे 18 वर्षांचे हप्ते कुठे जावेत एवढंच ठरवायचं आहे. दरमहा सुटणारे 13-14 सरळ अडीअडचणीच्या खात्यात टाका. चार महिन्यांचा घरखर्च जमायला पावणेदोन वर्षं लागतील, कदाचित थोडी जास्त.

गाडी घेतलेल्या 600 ला जाणार नाही. धूर सोडणाऱ्या गाडीचा भाव गिऱ्हाईक सर्वांत वाईट दुरुस्ती धरूनच करतं. सहलीचे 40 आहेत, त्यात तपासणी आणि लहान दुरुस्ती बसवा, आणि बिलं दाखवून, झालेलं सगळं सांगून विका. 450 आले तरी गाडीच्या कर्जाचे साधारण 370 फिटतात, 80 हाती उरतात आणि महिन्याचा साडेआठचा हप्ता थांबतो. पुढची गाडी खातं भरल्यावर, आणि पेट्रोलची.

दुरुस्ती 40 च्या वर जात असेल तर कर्ज काढू नका. गाडी उभी ठेवा आणि कॉम्प्रेशनचे आकडे मला पाठवा. मधल्या काळात धूर निळा झाला, तर गाडी अजिबात चालवू नका. टर्बोचं सील जाऊन इंजिन स्वतःचंच ऑइल ओढू लागलं, तर चावी बंद करूनही ते थांबत नाही.